२४चे २७

आमच्या घरात कालनिर्णय असतं ते दुधाच्या हिशोबासाठी. गेल्या वर्षी त्याच चौकोनांत, '१ लि.'च्या खाली, मी पेन्सिलीने आणखी एक आकडा लिहायला लागले. ० म्हणजे थकवा नाही, १० म्हणजे उशीवरून मान उचलवत नाही.

डाव्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, मग 'एसी' नावाच्या केमोथेरपीचे ४ डोस, दर २१ दिवसांनी. प्रत्येक डोसच्या आधी थकवा मोजणारा एक फॉर्म भरून घ्यायचे, फॅसिट-फटीग नावाचा. १३ वाक्यं, मागच्या ७ दिवसांबद्दलची. प्रत्येकाला 'अजिबात नाही'पासून 'खूपच'पर्यंत ५ उत्तरं. बेरीज ० ते ५२, आणि गंमत अशी की गुण जितके जास्त तितका थकवा कमी. माझ्या कालनिर्णयाच्या बरोबर उलटं. पहिल्यांदा २४ बघून मी खूश झाले होते, निम्म्याहून कमीच आहे म्हणून!

डॉक्टर विचारायचे, "थकवा कसा आहे?" मी म्हणायचे, दमत नाही हो, गळून जाते. दमणं मला माहीत आहे. वीस वर्षं शाळेत उभी राहून शिकवलंय, घरी येऊन चहा घेतला, दहा मिनिटं पाठ टेकली की दमणं जातं. हे तसं नव्हे. काही न करता यायचं. आंघोळ करून बाहेर आले की टॉवेल गुंडाळून पलंगाच्या कडेवर वीस मिनिटं बसून राहायची, कपडे घालायचे म्हणून. विंचरायला केस नव्हते तेवढंच एक काम वाचलं.

दुसऱ्या डोसनंतर गुण झाले २७. मुलगी संख्याशास्त्र शिकते, ती फोनवर ओरडलीच, "आई, ३ गुण! हे मोजण्यासारखं आहे." मग तिने समजावलं. अमेरिकेत डेव्हिड सेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे गुण रुग्णांचं हिमोग्लोबिन, रोजचा वावर अशा दुसऱ्या मापांशेजारी ठेवून पाहिले होते. साधारण ३ गुणांचा फरक पडला तर तो नुसता कागदावरचा नसतो, असं त्यातून निघालं. पण ते पुष्कळ माणसांच्या गटाचे ३. एकट्या बाईचे ३ गुण नळाला पाणी आलं नाही तरी इकडचे तिकडे होतात.

मला तर काहीच बदललेलं वाटत नव्हतं. म्हणून कालनिर्णय काढून बसले, तेव्हा घोळ लक्षात आला. डोस मिळाला की पहिले दोन दिवस स्टेरॉइडचा जोर, एकदा तर मी रात्री अकराला माळा आवरायला काढला होता. तिसऱ्या दिवशी धाडकन खाली. मग पहिला आठवडा संपेपर्यंत ८, ९, ८. शेवटच्या आठवड्यात ४, ५. आणि फॉर्म विचारणार मागच्या ७ दिवसांचं, तेही पुढच्या डोसच्या दिवशी! म्हणजे माझा सगळ्यात बरा आठवडाच दरवेळी कागदावर जाणार. पुढच्या वेळी फॉर्मच्या कोपऱ्यात मीच लिहिलं, 'डोसनंतरचा २१वा दिवस'. सिस्टर म्हणाल्या, "ताई, वर तारीख आहे की." असू दे म्हटलं.

चौथ्या डोसच्या वेळी आणखी एक प्रकार. नेहमीची कामं करता येतात का, या वाक्यापुढे मी झोकात 'बऱ्यापैकी' अशी खूण केली. शेजारी बसलेले हे वाचत होते. "कुठली कामं?" विचारलं त्यांनी. खरंच की. पूर्वी पाचला उठून दोन डबे, शाळा, तीन जिने, संध्याकाळी शिकवणी. आता माझं नेहमीचं काम म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजणे. ते बऱ्यापैकी जमत होतं.

नंतर १२ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, केमोचंच दुसरं औषध. त्यात एकदा फॉर्मचे गुण फक्त २ ने वाढले, मुलीने काही विशेष मानलं नाही. पण त्याच आठवड्यातली गोष्ट. एरवी मी कणीक मळायला घेतली की अर्ध्यात खुर्ची ओढून बसायची, आणि परत हात घालेपर्यंत तिच्यावर पापुद्रा धरायचा. त्या रविवारी दोन वाट्या कणीक मळून, तेलाचा हात फिरवून, झाकून ठेवली तेव्हा खुर्ची भिंतीपाशीच होती.

त्या दिवशीच्या चौकोनात आकडा नाही. 'कणीक, उभ्याने' एवढंच आहे, आणि वर १ लि.