बॅरन्सच्या माळावर बाणाच्या सोबतीने

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत क्वेस्ट, म्हणजे एखादी कामगिरी, स्वीकारल्यानंतर कुठे जायचे हे नकाशावर दिसत नाही. क्वेस्ट देणारे पात्र आपल्या तोंडाने जे सांगते, म्हणजे रस्ता कुठवर धरायचा, कोणत्या टेकडीच्या पलीकडे पाहायचे, कोणते तळे शोधायचे, त्यावरूनच खेळाडूने अंदाज बांधायचा असतो. मूळ खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा तो असाच होता. क्वेस्टच्या जागा नकाशावर दाखवण्याची सोय डिसेंबर २००९ मधल्या ३.३ पॅचने आली आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या क्लासिकमध्ये ती मुद्दामच ठेवलेली नाही. त्यात भर म्हणजे चाळिसाव्या पातळीपर्यंत बसायला जनावर मिळत नाही. सगळा प्रवास पायी, सेकंदाला ७ यार्ड या वेगाने करावा लागतो आणि चुकीच्या दिशेला धावलेली पाच मिनिटे परत यायला आणखी पाच मिनिटे खातात. या परिस्थितीत मी टॉमटॉम हे खेळाला वरून जोडायचे, बाण दाखवणारे अ‍ॅडऑन वापरायचे ठरवले आणि माझ्या ट्रोल वंशाच्या शिकारी पात्राला घेऊन बॅरन्स या प्रदेशाचा अफाट पिवळा माळ त्याच्या मदतीने पार केला.

क्लासिकसाठी क्वेस्टी नावाचे अ‍ॅडऑन अधिक लोकप्रिय आहे. ते प्रत्येक क्वेस्टची प्रत्येक जागा नकाशावर खुणांनी भरून दाखवते. ते उत्तम आहे यात शंका नाही. परंतु मला क्वेस्टचा मजकूर वाचायचा होता, वाटेत काय दिसते ते पाहायचे होते आणि जिथे मजकुरावरून काहीच उलगडत नाही तिथेच मदत हवी होती. टॉमटॉम स्वतःहून जवळजवळ काहीच सांगत नाही. आपण ज्या बिंदूचे निर्देशक, म्हणजे नकाशावरचे आकडे, देऊ, त्या बिंदूकडे ते बाण वळवते, एवढेच. माझ्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे, कारण काय शोधायचे हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूकडेच राहतो.

ते बसवणे अवघड नाही. खेळ बंद करून अ‍ॅडऑनचे फोल्डर क्लासिकच्या इंटरफेस फोल्डरमधल्या अ‍ॅडऑन्स या फोल्डरात ठेवायचे, आणि फोल्डरच्या आत त्याच नावाचे आणखी एक फोल्डर तर तयार झालेले नाही ना, हे पाहून घ्यायचे, कारण तसे असेल तर खेळाला अ‍ॅडऑन सापडतच नाही. मग पात्र निवडण्याच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात खाली असलेल्या अ‍ॅडऑन्सच्या बटणावर जाऊन त्याच्यासमोर खूण आहे की नाही ते तपासायचे. मी बाण ओढून पात्राच्या डोक्याच्या बराच वर नेला आणि तिथे कुलूपबंद केला. तो पडद्याच्या मधोमध असला की नजर त्याच्यावरच खिळते आणि समोरून धावत येणारे रानडुक्करमाणसांचे टोळके वेळेवर दिसत नाही.

बाण कसा चालतो हे समजून घेतले तर तो वापरणे सोपे जाते. तो त्रिमितीय दिसतो, पण प्रत्यक्षात ते १०८ लहान चित्रांचे एक पान आहे. आपले पात्र कुठे उभे आहे, त्याचे तोंड कुठे आहे आणि लक्ष्य कुठे आहे, यांवरून अ‍ॅडऑन कोन काढते आणि त्या कोनाला जुळणारे चित्र दाखवते. तोंड नेमके लक्ष्याकडे असेल तर बाण हिरवा होतो, बाजूला वळलो की पिवळा, आणि पाठ फिरवली की लाल. त्याखाली उरलेले अंतर यार्डांत आणि पोहोचायला लागणारा अंदाजे वेळ दिसतो. हा वेळ अंतर कोणत्या गतीने घटते आहे त्यावरून काढलेला असतो, त्यामुळे वळसा घेताना तो भलताच वाढतो आणि आपण दूर जाऊ लागलो तर वेळेच्या जागी नुसत्या फुल्या दिसतात. मूळ मांडणीत १५ यार्डांच्या आत आलो की बाणाचे रूप बदलून तो खाली टोक करतो, आणि १० यार्डांच्या आत आलो की तो वेपॉइंट, म्हणजे आपण ठरवलेला बिंदू, आपोआप पुसला जातो.

खेळाडू ज्यांना ‘कोऑर्ड्स’ म्हणतात ते निर्देशक म्हणजे त्या प्रदेशाच्या नकाशावरची टक्केवारी. डाव्या वरच्या कोपऱ्यात शून्य-शून्य आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात शंभर-शंभर. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. क्लासिकच्या मूळ नकाशावर हे आकडे दिसत नाहीत, ते टॉमटॉम दाखवते. चॅटच्या ओळीत ‘/वे ४९.३ ५०.३’ असे लिहिले, अर्थात रोमन लिपीत, की तिथे वेपॉइंट तयार होतो आणि आकड्यांपुढे लिहिलेले शब्द त्याचे नाव बनतात. मात्र टक्केवारी म्हणजे अंतर नव्हे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बॅरन्सचा नकाशा सुमारे १०,१३३ यार्ड रुंद आणि ६,७५६ यार्ड उंच आहे, तर एल्विन फॉरेस्ट या दुसऱ्या प्रदेशाचा सुमारे ३,४७० यार्ड रुंद आणि २,३१५ यार्ड उंच. म्हणजे बॅरन्समध्ये आडव्या आकड्यातला एकाचा फरक शंभर यार्डांचा, उभ्यातला साधारण ६८ यार्डांचा, आणि एल्विनमध्ये तोच आडवा फरक पस्तीस यार्डांचासुद्धा नाही. हे लक्षात असले की कोणी चॅटमध्ये दशांश चिन्हाशिवाय निर्देशक दिले तर बॅरन्समध्ये आपल्याला किती मोठ्या पट्ट्यात शोधायचे आहे याची कल्पना आधीच येते.

वर ‘/वे’पुढे दिलेले आकडे मी सहज निवडलेले नाहीत. बॅरन्समधल्या क्रॉसरोड्स या वस्तीत मँक्रिक नावाचा ऑर्क वंशाचा एक जण उभा असतो. लढाईत हरवलेल्या आपल्या बायकोचा शोध घ्या, अशी विनंती तो करतो. बॅरन्सच्या सार्वजनिक चॅटमध्ये ‘मँक्रिकची बायको कुठे आहे’ हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की तो या खेळाच्या लोकस्मृतीचाच भाग झाला आहे. मी आधी मजकुराप्रमाणे दक्षिणेचा रस्ता धरला, उजेड मावळेपर्यंत दोन्ही बाजूंच्या झोपड्या पाहिल्या आणि मग आकडे टंकले. मँक्रिक साधारण ५२, ३१ वर आहे. तिथून सरळ रेषेत ती जागा सुमारे १,३०० यार्डांवर पडते, म्हणजे न थांबता धावले तर तीन मिनिटांचा रस्ता. बाण हिरवा ठेवत मी पोहोचले. तिथे त्या स्त्रीचा निष्प्राण देह होता. बाणामुळे शोधातला थरार निघून जातो असे म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ते दृश्य पाहताना आणि परत जाऊन मँक्रिकला सांगताना मला जे वाटले, त्यात बाणाने काहीही उणे केले नाही.

यापुढचे काम मात्र बाणाची खरी परीक्षा घेणारे निघाले. क्रॉसरोड्समधला औषधी बनवणारा हेलब्रिम तळ्याकाठच्या अळंब्यांमधले बीजाणू मागतो, आणि तिथलाच टोंगा रूनटोटेम वायव्येकडच्या फरगॉटन पूल्स या तळ्यातली बुडबुडे सोडणारी भेग पाहून यायला सांगतो. ती ४५, २२ च्या आसपास आहे. सपाट माळावरून तिथवर जाताना बाणाने एकदाही दगा दिला नाही. पण पाण्याच्या मध्यावर पोहोचल्यावर तो खाली टोक करून थांबला, वेपॉइंट पुसला गेला, आणि क्वेस्ट काही पूर्ण झाली नाही. ती भेग तळाशी आहे. टॉमटॉम दोनच मिती जाणते. उंची आणि खोली त्याच्या हिशेबात धरलेलीच नसते. म्हणून बाण थांबला की ‘आता वर पाहा किंवा खाली पाहा’ असा त्याचा अर्थ मी लावू लागले, आणि मग पाण्यात बुडी मारल्याबरोबर काम झाले.

हेलब्रिमने पुढे त्याच बीजाणूंसह थंडर ब्लफ या टॉरेन वंशाच्या राजधानीत झामा नावाच्या औषधकर्तीकडे पाठवले. ट्रोल पात्राने तिथे पूर्वी पाऊल ठेवलेले नसते, त्यामुळे वस्त्यांमधला ठरलेला हवाई मार्गही खुला नसतो. थंडर ब्लफमधली तिची जागा २३, २१ आहे. प्रदेशाचे नाव आकड्यांच्या आधी लिहिले की टॉमटॉम दुसऱ्या प्रदेशातलाही वेपॉइंट स्वीकारते, आणि एकाच खंडात असू तर सरळ रेषेने तिकडे बाणही दाखवते. बाण जवळजवळ थेट पश्चिमेकडे वळला आणि अंतर तीन हजार यार्डांच्या आसपास दिसू लागले. या रेषेत डोंगर आहेत. क्लासिकमध्ये स्वतः हवे तिथे नेता येईल असे उडणारे वाहन नाही. ते २००७ मध्ये आउटलँड या नव्या भूभागापुरते आले आणि या जुन्या खंडांवर उडायची मुभा तर २०१० मध्ये मिळाली. उडणाऱ्याला सरळ रेषा पुरते, चालणाऱ्याला खिंड लागते. थंडर ब्लफ ज्या प्रदेशात आहे त्या मुलगोरला जाणारी वाट दक्षिणेला कॅम्प टाउराहो या वस्तीच्या बाजूने आत शिरते, त्यामुळे तिकडे नेणाऱ्या गोल्ड रोडवरून धावताना बाण सतत आडवा आणि पिवळा राहतो आणि अंतर अगदी संथ घटते.

इथे मी जी पद्धत बसवली ती पुढे कायम ठेवली. मोठा नकाशा उघडून रस्ता कुठे वळतो, खिंड कुठे आहे, लिफ्ट कुठे आहेत हे डोळ्यांनी वाचायचे, आणि कंट्रोल दाबून उजव्या क्लिकने त्या प्रत्येक वळणावर स्वतःच वेपॉइंट ठेवायचा. एक पोहोचलो की ‘/सीवे’ ही आज्ञा बाणाला सर्वांत जवळच्या पुढल्या बिंदूवर आणते, आणि हे आपोआप व्हावे अशी सोयही पर्यायांत आहे. मी ती बंद ठेवली आहे, कारण सर्वांत जवळचा बिंदू कधी कधी डोंगराच्या पलीकडचा असतो. अशा रीतीने टाउराहो, मग मुलगोरची खिंड, मग उंच सुळक्यांवर वसलेल्या त्या नगराच्या पायथ्याची लिफ्ट, असा प्रवास झाला. खिंडीतून बाहेर पडल्यावर समोर पसरलेले मुलगोरचे हिरवे पठार आणि त्यातून उभे राहिलेले थंडर ब्लफ पाहताना मी बाण काही वेळ लपवूनच ठेवला.

लिफ्टने वर गेल्यावर स्पिरिट राइज या उंचवट्याकडे पूल ओलांडून जावे लागते. तिथे पोहोचल्यावर बाण पुन्हा खाली टोक करून थांबला आणि आजूबाजूला झामा कुठेच नव्हती. ती त्या उंचवट्याच्या पोटातल्या पूल्स ऑफ व्हिजन या गुहेत बसते. फरगॉटन पूल्सवरचा धडा ताजा असल्यामुळे मी लगेच खाली उतरणारी वाट शोधली.

झामाने पुढे वेलिंग कॅव्हर्न्समधली १० सर्पेंटब्लूम फुले मागितली. ही गुहा बॅरन्समध्येच ४६, ३६ च्या जवळ आहे, आणि इथे उंचीचा प्रश्न सर्वांत बिकट होतो. गुहेशी संबंधित क्वेस्ट देणारे नालपाक आणि एब्रू हे दोघे दाराच्या आत नसून दाराच्या वरच्या डोंगरातल्या एका लपलेल्या कपारीत असतात. निर्देशक जवळपास तेच. आमच्या गटात माझ्यासह तीन मराठी खेळाडू होते आणि बोलणे व्हॉइस चॅटवर चालले होते. “ताई, बाण तर इथेच दाखवतोय, पण कोणीच नाही,” असे गटातला सर्वांत धाकटा म्हणाला, तेव्हा मी त्याला बाहेर येऊन मागच्या उतारावरून माथ्यावर चढायला सांगितले. माझ्या वेपॉइंटच्या नावात मी आता ‘वर’, ‘खाली’, ‘पाण्यात’, ‘गुहेत’ असा एक शब्द नेहमी जोडते, कारण जे अ‍ॅडऑनला कळत नाही ते नावात लिहून ठेवता येते.

पडद्यासारख्या चमकत्या दारातून डंजनमध्ये, म्हणजे गटाने लढायच्या बंदिस्त जागेत, शिरलो आणि बाण नाहीसा झाला. हा बिघाड नव्हे. डंजनच्या आत पात्राचे स्थान अ‍ॅडऑनना मिळू नये असे बंधन खेळ बनवणाऱ्यांनीच २०१६ च्या ७.१ पॅचपासून घातलेले आहे, आणि क्लासिक नव्या तांत्रिक पायावर उभे असल्यामुळे ते तिथेही लागू होते. मला हे बंधन योग्य वाटते. लढतीत कुठे उभे राहायचे हे बाणाने सांगायला लागले तर खेळाडूने करायचे असे फारसे उरत नाही. आत आम्ही एकमेकांना ‘डावीकडच्या बोळात’, ‘धबधब्याच्या खाली’ असे सांगत फुले गोळा केली, आणि झामाकडे परतण्यासाठी बाहेर आलो तेव्हा आधीचे वेपॉइंट जसेच्या तसे परत दिसू लागले.

फुले दिल्यानंतर मी ‘/वे रीसेट ऑल’ लिहून जुनी यादी पुसली आणि पुढच्या प्रदेशाची तयारी केली. बॅरन्सच्या दक्षिण टोकाला ग्रेट लिफ्ट आहे आणि तिच्याखाली थाउझंड नीडल्सची खोल दरी. तिथली फ्रीविंड पोस्ट ही वस्तीही सुळक्याच्या माथ्यावर आहे. त्यामुळे पहिला वेपॉइंट वस्तीवर न ठेवता मी ग्रेट लिफ्टच्या फळीवर ठेवला आहे, दुसरा त्या सुळक्याच्या पायथ्याशी, आणि दुसऱ्याच्या नावात लिहिले आहे, ‘लिफ्टने वर’.