मलिबूचा कार्ब आणि साडेसातशेचा मोह

वुडवर्ड ॲव्हेन्यू आणि ट्वेल्व्ह माइल रोडच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, मी ॲक्सिलरेटर दणकून दाबला आणि माझी १९७० ची शेव्हेल मलिबू एक आचका देऊन बंद पडली. शेजारून एक मिनीव्हॅन निघून गेली. मागच्या सीटवरच्या पोरानं मला टाटा केला. डेट्रॉईटच्या ज्या रस्त्यावर साठच्या दशकात पोरं रात्री शर्यती लावायची, त्याच रस्त्यावर!

गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता. ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, तीन गिअरची टर्बो-हायड्रामॅटिक आणि मागे ३.०८ चा ॲक्सल, म्हणजे उचलीपेक्षा निवांत पळण्यासाठीचा गिअर. (कट्टर मंडळी म्हणतील, ही मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनची शर्यतबाज गाडी, नव्हेच. १९७० साली शेव्हेलची ती जोरदार आवृत्ती म्हणजे एसएस, आणि तिचं इंजिन ३९६ किंवा ४५४ घनइंचांचं. म्हणोत बापडे.) आधीच्या मालकानं मूळचा कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) काढून त्या जागी ७५० सीएफएमचा डबल पंपर चढवला होता, म्हणजे हवा ओढणाऱ्या चार नळ्यांचा (बॅरलचा) आणि पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या दोन पंपांचा कार्ब. मिनिटाला ७५० घनफूट हवा! गाडी घेताना हा आकडा ऐकूनच मी खूश झालो होतो. घरी आणल्यावर कळलं की स्पार्क प्लग काळेकुट्ट, ॲव्हरेज रसातळाला आणि गॅरेजमध्ये असा वास की बायको म्हणाली, "आपण काय पेट्रोल पंपावर राहतो का रे?"

दोन शनिवार-रविवार जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलण्यात आणि पंपाचे नोझल बदलण्यात घालवले. एक दुखणं कमी केलं की दुसरं वर यायचं. शेवटी पाना खाली ठेवला आणि कागद घेतला.

हिशोब शाळेतल्या मुलाला जमेल असा आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, आणि एका घनफुटात १७२८ घनइंच. म्हणून ३५० गुणिले ५५०० आरपीएम, भागिले ३४५६. उत्तर ५५७. त्यातही साधं इंजिन पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरले तर ४७३. मी तीनदा करून पाहिलं. म्हणजे इंजिन पार किंचाळत असतानाही त्याला पाचशेच्या आतच हवा लागणार होती.

मग ६०० चा घ्यावा, प्रश्न मिटला. पण आकड्यानं एकदा फसवलेलं असल्यामुळे म्हटलं, आपला पाय नक्की असतो कुठे ते तरी बघू. मॅनिफोल्डला (कार्बमधून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाला) रबरी नळी जोडली, ती खिडकीतून आत घेतली आणि तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज डॅशबोर्डवर चिकटवला. ॲक्सिलरेटरनं हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, जितकी जास्त उघडते तितका काटा खाली येतो. पंधरा दिवस तसाच ऑफिसला गेलो. ताशी ४५ मैलांवर काटा सोळा इंचांच्या आसपास, म्हणजे थ्रॉटल जेमतेम उघडलेला. काटा पाचाच्या खाली गेला तो फक्त हायवेच्या रॅम्पवर, दिवसातून फार तर दोनदा. मी रोज जी गाडी चालवत होतो ती पुढच्या दोन बॅरलवरच चालत होती. मागची दोन बॅरल पाहुण्यांसारखी, कधीतरी यायची.

आणि डबल पंपरचं दुखणं तिथंच होतं. त्यात मागची बॅरल लिंकेजनं उघडतात, इंजिनला हवी असोत वा नसोत. हलका ॲक्सल, ऑटोमॅटिक गिअर, इंजिन जेमतेम दीड हजारावर, आणि चारही दारं सताड उघडी. व्हेंचुरीतून, म्हणजे बॅरलच्या अरुंद गळ्यातून, जाणारी हवा मंदावली की पेट्रोल ओढलंच जात नाही. ती उणीव भरायला दुसरा पंप पिचकारी मारतो, पण पिचकारीनं किती वेळ निभावणार?

आता माझ्यापुढे तीन वाटा होत्या. व्हॅक्यूम सेकंडरीचा (मागची बॅरल इंजिनच्या ओढीनंच उघडणारा) ६०० चा होली, इलेक्ट्रिक चोकचा ६०० चा एडेलब्रॉक, किंवा डिकीतलं खोकं. खोक्यात आधीच्या मालकानं "भंगार आहे, हवं तर ने" म्हणून दिलेला मूळचा रोचेस्टर क्वाड्राजेट होता. नव्या दोन्हीपैकी कुठलाही चालला असता, आणि ज्याला रविवारी हात काळे करायचे नाहीत त्यानं नवाच घ्यावा, असं मी आजही सांगेन.

पण क्वाड्राजेटनं मला भुरळ घातली. गंमत म्हणजे त्याचाही आकडा ७५०! फरक आतल्या रचनेत. पुढची बॅरल फक्त १⅜ इंचांची, त्यामुळे थोड्याशा थ्रॉटललाही हवा सुसाट जाते आणि पेट्रोलची बारीक फवारणी होते. मागची मात्र २¼ इंचांची, आणि त्यांच्यावर स्प्रिंग लावलेली झडप. पाय कितीही दाबा, इंजिन हवा मागेल तितकीच ती उघडते. जीएमच्या गाड्यांवर हा कार्ब १९६५ पासून पंचवीस वर्षं होता, तो उगाच नाही.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो उघडला. जुना फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, पेट्रोल पिऊन जड झाला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्याशेजारी ठेवला तेव्हा खात्री पटली. (काटा नंतर साबणानं धुतला. तीनदा.) कार्बच्या तळाची भोकं बुजवणारे ॲल्युमिनियमचे प्लग वयानं झिरपत होते, त्यांवर पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी लावला. नशिबानं मॅनिफोल्डवर दोन्ही कार्बच्या बोल्टांची भोकं होती, नाहीतर ॲडॉप्टर आणि त्यानंतर बॉनेट लागतंय का, हे सगळं आलं असतं. पाय दणकून दाबला की खालचा गिअर पाडणारी किकडाउन केबल जुळवण्यात मात्र अख्खी संध्याकाळ गेली.

पहिल्या फेरीत पुन्हा तसाच आचका! पोटात गोळा आला. मागच्या झडपेची स्प्रिंग ढिली होती. पाऊण फेरा ताणली, आणि गाडी सिग्नलवरून निघाली ती निघालीच. आधी गुळगुळीत, मग मागची बॅरल उघडली की तो घुमणारा आवाज.

सगळं सुरळीत आहे असं नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते. त्या रांगेत उन्हात तासभर सरपटल्यावर इथलं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल कार्बमध्येच उकळायला लागलं. खाली उष्णतारोधक जाड गॅस्केट घातल्यावर ते बरंच आटोक्यात आलं. चार दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर अजूनही खूप वेळ मारावा लागतो.

डबल पंपर एका तरुणानं नेला. त्याच्याकडे चार गिअरची मॅन्युअल आणि ४.१० चा, म्हणजे जोरदार उचलीचा, ॲक्सल आहे, त्याला तो झक्क लागला.

पुण्याला बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पद्मिनीचा एका बॅरलचा कार्ब आयुष्यभर स्वतः साफ केला.

"ॲव्हरेज किती देते आता?"

"आधी दहा होतं, आता चौदा."

"वा! लिटरला चौदा?"

"गॅलनला, बाबा. मैल."

थोडा वेळ ते आकडेमोड करत होते.

"म्हणजे सहा," ते म्हणाले. "अरे, अजून चोक ओढलेलाच राहिलाय का ते बघ जरा."