यीस्टमध्ये आई बदलते, लेक नाही

एमएस्सीला असताना मी पहिल्यांदा श्मू, म्हणजे जोडीदाराच्या दिशेने टोक काढलेली यीस्टची पेशी, बघितला तो अजून डोळ्यासमोर आहे. ए प्रकारच्या गोलगरगरीत पेशी होत्या, त्यात अल्फा फॅक्टर, म्हणजे अल्फा प्रकारच्या पेशी सोडतात तो रासायनिक निरोप, घातला आणि दोनेक तासांनी मायक्रोस्कोपखाली बघते तर एकेकीला टोक फुटलेलं! यीस्टला जागचं हलता येत नाही ना, मग जोडीदाराकडे जायचं तर स्वतःच तिकडे वाढायचं. आणि आम्ही तर जोडीदार दिलाच नव्हता, नुसता १३ अमिनो आम्लांचा त्याचा निरोप दिला होता.

नर-मादी नाही, ए आणि अल्फा. ठरतं कुठे, तर तिसऱ्या गुणसूत्रावर मॅट नावाच्या एका जागी. आता गंमत बघा, त्याच गुणसूत्रावर डावीउजवीकडे एचएमएल आणि एचएमआर या दोन जागी अल्फाची आणि ए ची एकेक जादा प्रत असते, पण ‘सर’ (Sir) नावाची प्रोटीनं ती गप्प बसवून ठेवतात. मग एचओ नावाचं एन्झाइम येऊन मॅटपाशी डीएनए कापतं, पेशी ती जखम दुरुस्त करताना त्या गप्प प्रतीवरून नक्कल उतरवते, आणि बहुतेक वेळा बरोब्बर उलट्या प्रकारची उचलते, म्हणजे ए ची झाली अल्फा. हिक्स, स्ट्रॅदर्न आणि हर्सकोविट्झ यांनी १९७७ साली याला कॅसेट मॉडेल म्हटलं, आणि खरंच, टेपरेकॉर्डरमधली कॅसेट बदलावी तसंच आहे ते.

पण माझा सगळ्यात जीव अडकलाय तो पुढच्या भागात. हा बदल फक्त आई पेशी करते, म्हणजे जिने एकदा तरी कळी काढलीय ती (यीस्टची नवी पेशी आईच्या अंगावर कळीसारखी फुटते). नवी लेक नाही करत, कारण अ‍ॅश१ नावाच्या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप, पेशीतल्या अ‍ॅक्टिन प्रोटीनच्या धाग्यांवरून अक्षरशः वाहून कळीच्या टोकाला नेला जातो, आणि त्यातून बनणारं प्रोटीन लेकीत एचओ बंद ठेवतं. त्यामुळे एका पेशीपासून चार होईपर्यंत दोन ए, दोन अल्फा शेजारीशेजारी तयार! लॅबमधल्या बहुतेक यीस्टमध्ये एचओ मुद्दाम बिघडलेलं ठेवतात, नाहीतर शुद्ध ए हातात टिकायचीच नाही.

ए आणि अल्फाची जोडी जमून एक पेशी झाली की ए कडचं ए१ आणि अल्फाकडचं अल्फा२ ही प्रोटीनं मिळून एचओ बंद करतात, मायोसिसवरचा, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनावरचा, ब्रेकही काढतात. तरी ती लगेच होत नाही, नायट्रोजन संपला आणि साखरेऐवजी अ‍ॅसिटेटवर दिवस काढायची वेळ आली की मगच आयएमई१ हे मायोसिस सुरू करणारं जनुक जोरात चालू होतं आणि एका पिशवीत चार बीजाणू बनतात. ते चार बारीक काचेच्या सुईने एकेक करून आगरवर ओळीत मांडायचे, मान भरून येते, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. दोन दिवसांनी चार ठिपके उगवलेले दिसतात, तपासावं तर दोन ए, दोन अल्फा.