व्हँकुव्हरची थंडी, पुण्याचा पावसाळा

शिवाजीनगरचा पारा 10 च्या खाली गेला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेकोटीचे फोटो यायला लागतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, "तू कॅनडात बर्फात तंबू ठोकून राहिली होतीस ना? मायनस किती होतं?" आकडा सांगितला की मंडळी जरा हिरमुसतात. शून्याखाली सात-आठ असेल, त्याहून फार नाही. व्हँकुव्हर समुद्रकाठचं शहर आहे. तिथे जानेवारीत दिवसा चार-सहा अंश असतात आणि शहरात बर्फापेक्षा पाऊसच जास्त पडतो. आठवडेच्या आठवडे नुसती पिरपिर. त्यामुळे तिथल्या हिवाळी कॅम्पला मला पुण्याहून केलेले हिवाळ्यातले ट्रेक फारसे कामाला आले नाहीत. कामाला आले ते पावसाळ्यातले.

असं का, ते नकाशा पाहिला की कळतं. प्रशांत महासागरावरचे ओले वारे शहरामागच्या कोस्ट पर्वतरांगेवर आदळतात. आपल्याकडे अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला धडकून ताम्हिणीत कोसळतात आणि पुण्यापर्यंत येताना रिकामे होतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच की व्हँकुव्हर डोंगराच्या कोकणाकडच्या अंगाला आहे. खाली जो पाऊस पडतो तोच वर बर्फ होऊन पडतो, आणि या दोहोंमधली रेषा रोज वर-खाली होत असते. हवाईकडून उबदार, दमट हवेचा प्रवाह आला (तिकडे त्याला 'पाइनॲपल एक्सप्रेस' म्हणतात) तर ती रेषा पार डोंगरमाथ्यांवर चढते आणि भर जानेवारीत बर्फावर पाऊस पडतो. कोरड्या मायनस वीसमध्ये मजेत झोपणारे लोक या शून्याच्या आसपासच्या ओलीला वचकून असतात.

आम्ही चौघं होतो. एक कोथरूडकर जोडपं, एक पिंपरीचा आणि मी. नावं कशाला, पुण्याच्या माणसाला पत्ता पुरतो. चौघांनीही राजगड-तोरणा भिजत केलेले, त्यामुळे उत्साह दांडगा. जागा ठरली एल्फिन लेक्स. शहरापासून उत्तरेला साधारण 65 किलोमीटरवर स्क्वामिश हे गाव लागतं. त्याच्या वर, गॅरिबाल्डी प्रोव्हिन्शियल पार्कात ही तळी आहेत. गाडीतळापासून एका बाजूचं अंतर 11 किलोमीटर. तिथे 33 जण झोपतील एवढी लाकडी हट आहे, आत प्रोपेनचा हीटर आहे. हटचं बुकिंग वेगळं, तंबूचं वेगळं, आणि दोन्ही आधी ऑनलाइन करावं लागतं. आम्ही तंबूचं केलं. तरी पहिल्या हिवाळी कॅम्पला हाकेच्या अंतरावर एक गरम खोली असावी, असं माझं ठाम मत आहे. शौर्य नंतर दाखवता येतं.

तयारीत सर्वांत जास्त वेळ गेला तो हिमस्खलनाच्या अंदाजात. 'ॲव्हलांच कॅनडा' ही संस्था हिवाळाभर रोज विभागवार धोक्याची पातळी जाहीर करते. एकूण पाच पातळ्या असतात. त्यातली मधली, म्हणजे तिसरी, सर्वांत फसवी वाटते, कारण 'पाचपैकी तीन' हे ऐकायला काठावर पास झाल्यासारखं सुखाचं वाटतं. प्रत्यक्षात त्या पातळीला माणसाच्या पावलाने बर्फाचा थर सुटण्याची शक्यता चांगलीच असते. हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स आम्ही चौघांनीही केला होता. ट्रान्सीव्हर (गाडलेला कुठे आहे ते सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे स्वतःचं, कारण गाडला गेलेल्याचं फावडं त्याच्याबरोबरच गाडलेलं असतं. आधी ठरवलेल्या शनिवारी पातळी तीनवर होती, वर पाऊस सांगितला होता. आम्ही बेत पुढे ढकलला. पिंपरीकर दिवसभर कुरकुरला. रविवारच्या बातम्या पाहून गप्प झाला.

सामान बहुतेक भाड्याने आणलं. विकत घेतली ती फक्त मॅट, आणि त्यात कंजूषपणा केला नाही. थंडी वरून जेवढी येते त्याहून जास्त खालून येते. मॅटवर 'आर-व्हॅल्यू' लिहिलेली असते, म्हणजे खालची थंडी अडवायची तिची ताकद. एकावर एक दोन मॅट टाकल्या की त्यांच्या आकड्यांची सरळ बेरीज होते. खाली साधी फोमची आणि वर हवेची मिळून पाचच्या वर गेली की बर्फावर पाठ टेकवता येते. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात. 'कम्फर्ट'चा आकडा सरासरी बाईला धरून काढतात, 'लिमिट'चा सरासरी पुरुषाला. दुकानं मात्र खालचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पिसांच्या बॅगा हलक्या असतात, पण ओल्या झाल्या की बसतात, म्हणून आम्ही सिंथेटिक घेतल्या. जड होत्या, पण भरवशाच्या.

स्टोव्हचंही तसंच. ट्रेकला आपण वापरतो त्या गॅसच्या कॅनमध्ये बहुधा ब्युटेन असतो, आणि ब्युटेन उणे 0.5 अंशाखाली द्रवच राहतो. ज्योत नुसती फडफडते. आम्ही व्हाइट गॅसचा (नावात गॅस, पण असतं पेट्रोलसारखं द्रव इंधन), पंप मारायचा स्टोव्ह नेला. कोथरूडकर म्हणाला, "हा तर आजीचा प्रायमस!" पंप मारायचं काम त्यालाच दिलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं होतं. "घर भाड्याने घेतलंयस ना? मग तंबूत कशाला?" एवढं विचारून तिने येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर डिंकाचे लाडू आणि भाजलेलं बेसन पाठवलं. बेसनात तिखट, मीठ, हळद आधीच मिसळलेलं.

हायवे 99 वर हिवाळ्यात बर्फाचे टायर सक्तीचे असतात आणि गाडीतळाच्या शेवटच्या चढासाठी टायरवर साखळ्या लागतात. त्या पावसात, गुडघे टेकून चढवल्या. चालायला लागलो आणि मी अंगावरचं जॅकेट काढून सॅकमध्ये टाकलं. कुडकुडतच सुरुवात करायची, हा नियम. घाम आला की आतले कपडे ओले, आणि थांबल्यावर तीच ओल गारठवते. सुती बनियन नाही, जीन्स तर नाहीच. पायात स्नोशूज, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद पट्ट्या. 5 किलोमीटरवर रेड हेदर नावाचा आडोसा आहे, आत लाकडाची शेगडी. तिथे बाहेर बसून सुकामेवा काढला तर व्हिस्की जॅक नावाचे करडे पक्षी थेट हातावर येऊन बसले. सिंहगडावरच्या माकडांसारखेच निर्लज्ज, फक्त वजनाला हलके. त्यांना खायला घालू नये असं लिहिलेलं आहे. ते त्यांनी वाचलेलं नाही.

पुढची वाट उघड्या धारेवरून जाते. धुक्यात नारिंगी खांब दिसत राहतात, एकावरून दुसऱ्यावर जायचं. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी दोनला पोचायचंच असं ठरवलं होतं. पोचल्यावर बसायचं नाही. आधी स्नोशूजनी तंबूची जागा तुडवून काढायची आणि अर्धा तास तशीच सोडायची. बर्फ आपोआप घट्ट होतो, नाहीतर रात्री अंगाचा साचा पडतो. खुंट्या बर्फात टिकत नाहीत. कापडी पिशव्यांत बर्फ भरून, दोरी बांधून त्या गाडल्या. मग फावड्यांनी स्वयंपाकघर खणलं, उभं राहायला खड्डा आणि कडेला ओटा. कोथरूडच्या वहिनींनी ओटा स्वतः तासून घेतला. त्यांच्या फ्लॅटमधल्यापेक्षा मोठा होता.

पाण्याचं कुणी आधी सांगत नाही. पातेलंभर ताज्या बर्फाचं पाणी होतं जेमतेम वाटीभर. तळाशी आधी थोडं पाणी असावं लागतं, नाहीतर बर्फ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. चौघांच्या बाटल्या भरेपर्यंत अंधार झाला. पार्कात शेकोटीला पूर्ण बंदी आहे, तेव्हा ऊब काय ती कामातून. बेसन उकळत्या पाण्यात सोडलं आणि पाच मिनिटांत पिठलं झालं. तूप दगड झालं होतं, ते चमच्याने फोडून वर टाकलं. तंबूत स्टोव्ह लावायचा मोह होतो. लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि मग कोरडे कपडे. हे मला तोरण्याच्या पावसाने शिकवलं होतं. झोपायचा जोड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला असतो आणि तो फक्त झोपताना निघतो. सकाळी कितीही जिवावर आलं तरी पुन्हा तेच ओले कपडे चढवायचे. कोरडा जोड अंगावर घेऊन जो चालायला लागला त्याची दुसरी रात्र गेली. पिंपरीकराला हे समजावावं लागलं नाही, आणि तिथल्या थंडीत वाढलेल्या माझ्या ऑफिसातल्या लोकांना ते नवीन वाटलं होतं.

रात्र चौदा तासांची. हातमोजे घालून मेंढीकोट खेळलो, पत्ते पिसता येत नव्हते. झोपण्याआधी प्रत्येकी एक डिंकाचा लाडू खाल्ला, पोटात तूप-गूळ असला की मध्यरात्री अंग पेटतं राहतं. उकळत्या पाण्याची बाटली पायाशी, बुटांचे आतले अस्तर आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्या बॅगेत पोटाशी. उरलेल्या बाटल्या उलट्या ठेवायच्या, कारण बर्फ वरून धरतो आणि तोंड मोकळं राहतं. तंबूची झडप थोडी उघडी ठेवली तरी श्वासाची वाफ आतून गोठली आणि पहाटे कूस बदलली की चेहऱ्यावर भुगा पडत होता. लघवीला उठायचा कंटाळा करू नये, झोप तशीही लागत नाही.

सकाळी आभाळ उघडलं तेव्हा समोर गॅरिबाल्डी उभा होता. मूळचा ज्वालामुखी, त्यामुळे आम्हा बेसाल्टवाल्यांना (सह्याद्रीचा हा खडकही लाव्ह्याचाच) जवळचा वाटला. फोटो काढायला फोन निघाले आणि थंडीने लगेच बंद पडले.

उतरल्यावर स्क्वामिशला अर्थातच पाऊस. भाड्याचा तंबू वाळवूनच परत द्यायचा होता. तो पिंपरीकराच्या बाथरूममध्ये टांगला, वर पंखा लावला. पुण्यात जुलैमध्ये करतो तेच.

आता भाची व्हँकुव्हरला शिकायला निघाली आहे. ताईने तुळशीबाग पालथी घालून थर्मल आणि तीन जाड स्वेटर आणले. मी म्हटलं, दोन काढा, त्याजागी चांगलं रेनजॅकेट घ्या. "पण मावशी, तिथे बर्फ असतो ना?" "असतो, वर डोंगरात. खाली तुझी कॉलेजची बस असते, पावसात." ताईने ऐकून घेतलं आणि स्वेटर पुन्हा आत ठेवले. बॅग 23 किलोच्या वर गेली आहे, आणि काय काढायचं यावर अजून एकमत झालेलं नाही.