गेट पडलंय

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर परवा दुपारी अडकलो. अडकलो म्हणायची आपली पद्धत. मला कुठं जायचंच नव्हतं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि वाकायला बंदी केलीय. त्यामुळं गेट पडलं की मी आपला ताठ उभा, आणि सगळं गाव माझ्यासमोर वाकून पलीकडं.

गेट पडलं म्हणून थांबणं आमच्या बेळगावात फक्त गाडीवाल्यांना लागू. पायी माणूस दांड्यापाशी आला की चाल न मोडता खाली जातो. कॉलेजची पोरं नुसती मान तिरकी करतात आणि पाठीवरची बॅग दांड्याला घासून नेतात. बायका आधी पिशवी पलीकडं सरकवतात, मग पदर धरतात, मग वाकतात. एका गृहस्थांच्या हातात कुंद्याचा बॉक्स होता. स्वतः पार दुमडले, पण बॉक्स तसूभर कलू दिला नाही. "काका, या की खालनं, गाडीला वेळ हाय अजून," असं एका पोरानं मला बोलावलंही. मी कमरेकडं बोट दाखवलं. "असू दे, असू दे," म्हणाला. माझ्या केसांकडं बघून म्हणाला, हे मला आवडलं नाही.

डॉक्टरांच्या भिंतीवर कण्याचं एक चित्र आहे. नंबर यायची वाट बघत ते इतक्या वेळा पाहिलंय की आता डोळे मिटून काढीन. मानेत एक बाक, पाठीत उलटा, कमरेत पुन्हा पहिल्यासारखा. चार पायांच्या जनावराचा कणा घराच्या आढ्यासारखा आडवा, बाकी सगळं त्याला खाली टांगलेलं. आपण तेच आढं काढून खांब म्हणून उभं केलं, वर डोक्याचं गाठोडं ठेवलं, आणि तोल जाऊ नये म्हणून मध्ये बाक दिले. सगळा भार येतो तो कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर, म्हणजे नेमका माझ्या दुखऱ्या जागेवर. तान्ह्या बाळाला कमरेतला हा बाक नसतो म्हणे. ते बसायला, उभं राहायला लागतं तसा येतो. म्हणजे माझ्या दुखण्याचं मूळ सावंतवाडीहून आणलेल्या त्या लाल-पिवळ्या पांगुळगाड्यात आहे. आई कौतुकानं गल्लीभर सांगत होती, पोर चालूलालंय बघा. इकडं एल-फोर, एल-फाईव्ह या कमरेच्या शेवटच्या मणक्यांच्या दुखण्याची पायाभरणी सुरू झाली होती.

शाळेत पाढा चुकला की गुरुजी म्हणायचे, "अंगठे धर." माणूस लाखो वर्षं खपून चारांवरून दोनांवर आला, आणि एकोणिसाच्या पाढ्यात अडकला की गुरुजी त्याला दोन शब्दांत होता तिथं परत पाठवायचे. वर पाठीवर डस्टर ठेवायचे, पडतो का बघायला. माझा कधी पडला नाही. माझ्या कमरेला मिळालेलं तेवढंच एक प्रशस्तिपत्र.

आणि गुरुजींचा भर सगळा डोक्यावर. डोकं चालव, डोकं चालव. एके काळी शास्त्रज्ञांतही बऱ्याच जणांना वाटायचं की आधी माणसाचं डोकं मोठं झालं, मग तो उठून उभा राहिला. 1974 साली इथिओपियात हदारला मानवकुळातल्या एका आदिम बाईचा, ल्यूसीचा, सांगाडा सापडला, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा, उंची जेमतेम साडेतीन फूट. मांडीचं हाड गुडघ्याकडं आत कललेलं, कमरेचं हाड पसरट. म्हणजे बाई दोन पायांवर चालत होती. तिच्या जातकुळीचा मेंदू मात्र चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. आधी पाय, डोकं फार नंतर. आमच्या घराण्यात हा क्रम अजून पाळतात.

एवढ्यात गाडी आली. मालगाडी, संपता संपेना अशी. मी डबे मोजायला लागलो आणि नेहमीप्रमाणं विसाच्या पुढं चुकलो. ही गाडी पुढं देसूरवरनं खानापूरला जाते, मग लोंढ्याला. खानापूर म्हटलं की माझं मन गाडीच्या आधी पोचतं.

तालुक्याच्या पश्चिमेकडं, पाऊस जिथं जून ते सप्टेंबर मुक्कामाला असतो, तिथं आज्जीची भाताची शेती. पावसाळ्यात रोप लावणीला बायका ओळीनं चिखलात उतरायच्या आणि सकाळी वाकलेल्या कमरा एकदम जेवणाला सरळ व्हायच्या. डोक्यावरनं पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते इरलं मी हट्टानं एकदा घेतलं आणि बांधावर ताठ उभा राहिलो, तर ते मागं ओढायला लागलं आणि पाऊस सगळा पोटावर. आज्जी हसली. "वाक की जरा. उभ्या माणसाला नव्हं ते." खरंच, ते वाकलेल्या पाठीच्या मापानंच बांधलेलं. त्यात उभं राहणं धरलेलंच नाही.

पण हीच आज्जी बाजाराला निघाली की बघावी. डोक्यावर तांदळाची बुट्टी, हात मोकळे, मान हलायची नाही, पाऊल एका तालात. मैलामागून मैल. मी रिकामा असून दमायचो. माणसाला दोन पायांवर चालायला चिंपांझीच्या मानानं चौथा हिस्साच शक्ती लागते, हे चिंपांझींना ट्रेडमिलवर चालवून 2007 साली मोजलंय. बुट्टीसकट कुणी मोजलंय का, ठाऊक नाही.

वाट बांधावरनं जायची. चिखलात आज्जीची पावलं उठायची: टाच खोल, मध्ये खळगा, पुढं अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. मी घसरू नये म्हणून तिच्याच पावलात पाऊल टाकत जायचो. माझं पाऊल तिच्या पावलात पुरं मावायचं, वर जागा उरायची, आणि त्यात पाणी भरायचं.

ही गोष्ट 1978 च्या पावसाळ्यातली, मी तेव्हा चौथीत. त्याच साली टांझानियात लेटोलीला मेरी लीकी या संशोधक बाईंच्या चमूला पावलांची एक रांग सापडली. ज्वालामुखीची राख पडलेली, वर पाऊस झालेला, त्या ओल्या राखेतनं कुणी तरी चालत गेलं, राख घट्ट झाली आणि 36 लाखांहून जास्त वर्षं तशीच राहिली. कुणाची होती, तर बहुधा ल्यूसीच्याच जातकुळीतल्यांची. टाच खोल, अंगठा रांगेत. बारकं पाऊल एक, शेजारी मोठं. आणि मोठ्याच्या ठशात आणखी एकाचा ठसा. मागनं येणारा पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत गेला होता. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. का ते सांगता येत नाही.

आमची पावलं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नसत. दुपारच्या सरीला बांध पुन्हा कोरा.

पुढं आज्जीची कमर वाकली ती वाकलीच. आधी शेतात, मग अंगणात, मग घरात. काठी धरून चालायची. बोलताना मान वर करून, तिरकी बघायची. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं ती काही तरी सांडलेलं शोधतेय. दुखतंय असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. दाराच्या चौकटीला कधी डोकं लागत नाही, हाच फायदा, असं म्हणायची.

गेली तेव्हा श्रावण होता. तिरडीवर उताणी निजवली तर डोकं वरच राहायचं. पाठ टेकेना. चुलत्यांनी खांद्याला हात लावला आणि काढून घेतला. शेवटी डोक्याखाली घोंगड्याची घडी ठेवली, तरी पुरेना, म्हणून आणखी एक पोतं. कुणी काही बोलत नव्हतं, कौलांवरनं पाणी पडत होतं. शेजारच्या लिंगायत घरातले म्हातारे दारात उभे होते. त्यांच्यात माणसाला बसवून नेतात. ते बराच वेळ बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "आमच्यात असती तर बसवली असती की हो, म्हातारीला."