तुम्ही विचारलंत म्हणून: दिलेल्या विषयावरची कथा

बडोद्यात मराठी कथास्पर्धा जाहीर झाली की मला दोन प्रश्न हमखास येतात. विषय दुसऱ्याने दिलेला असताना मनापासून कथा लिहिता येते का? आणि आधीच लिहून ठेवलेली एखादी चांगली कथा त्या विषयात बसवून पाठवली तर चालेल का? मी अशा स्पर्धांना कथा पाठवते, अधूनमधून परीक्षणही करते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

पहिल्याचं उत्तर हो, अगदी नक्की. दिलेल्या गोष्टीवरून रचना करणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. समस्यापूर्तीत कवीला श्लोकाचा शेवटचा चरण देत. आधीचे तीन त्याने असे रचायचे की तो चरण तिथेच यायला हवा होता असं वाटावं. भोजराजाच्या दरबारातली म्हणून एक समस्या सांगतात. तिच्यात अर्थ असा काहीच नाही, नुसते 'ठं ठं ठ ठं' असे आवाज. कवीने काय केलं? राज्याभिषेकाच्या धांदलीत एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून ठं ठं करत गडगडत गेला! तो आवाज काढून टाकला तर श्लोक अर्ध्यावरच राहतो. दिलेल्या विषयाचं काय करायचं, हे याहून नेमकं मला कुणी शिकवलेलं नाही.

आता विषय 'पाणी' आहे असं धरा. आलेल्या कथांच्या गठ्ठ्यात काय असतं? आजोळची विहीर, टँकरची रांग, घाटावर बसलेली एकटी म्हातारी, आणि शेवटच्या ओळीत कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी. हे सुचणं स्वाभाविक आहे, पण ते सगळ्यांनाच सुचतं. म्हणून पहिल्या झटक्यात आलेलं कागदावर उतरवा आणि बाजूला ठेवा. मग विचारा: हे पाणी कुठलं, आणि त्याच्यामुळे कुणाला काय ठरवावं लागतंय?

आपल्या गावाचंच घ्या. आजवा सरोवर सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलं गेलं ते शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. तेच सरोवर पावसाळ्यात भरलं की जादा पाणी विश्वामित्रीत येतं आणि नदी घरांत शिरते. ऑगस्ट २०२४मध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली, तळमजले बुडाले, मगरी रस्त्यांवर आल्या. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना कथेत मगर आणायचा मोह होणारच. तो आवरा. त्याऐवजी आजव्याच्या पातळीची नोंद ठेवणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याची बहीण कारेलीबागेत तळमजल्यावर राहते, आणि वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद आहे. रात्री पातळी चढतेय हे त्याला शहराच्या आधी कळतं. तो फोन करेल? केलाच, तर 'ताई' म्हणेल की थेट आकडा सांगेल? आणि त्याचं नाव दिसल्यावर ती उचलेल?

इथून पाणी काढून घ्या, कथा कोसळते. आजोळच्या विहिरीच्या कथेत मात्र विहिरीऐवजी आंब्याचं झाड ठेवलं तरी काही बिघडत नाही. वाचताना मी नेमकी हीच अदलाबदल करून पाहते. आणि हो, या बहीणभावाच्या कथेत 'पाणी' हा शब्द चारदोनदाच आला तरी पुरे. शीर्षकात, पहिल्या वाक्यात आणि शेवटी पुन्हा विषयाचं नाव घालायची गरज नसते. परीक्षकाला दिसतं. वाचणाऱ्यावर तेवढा विश्वास ठेवाच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नाही. जुनी कथा विषयात बसवली की टाका दिसतो. शीर्षक बदललेलं असतं, सुरुवातीला उगाच एक पाऊस येऊन जातो, मग निवृत्त शिक्षकाची वेगळीच गोष्ट चालू होते आणि शेवटी ते भांडंभर पाणी पितात. मला यात वाईट वाटतं ते त्या मूळ कथेचं. ती पाण्यावाचून पूर्ण होती. ती दिवाळी अंकाकडे पाठवा, तिथे तिला सहसा कुणी विषय विचारत नाही. एखादी जुनी, अप्रकाशित कथा मुळातच त्या विषयावर उभी असेल तर जरूर पाठवा, फक्त शब्दमर्यादेपलीकडे तिला हात लावू नका.

कधीकधी उलटंही होतं. स्पर्धेसाठी म्हणून सुरू केलेली कथा मध्येच दुसरीकडे वळते आणि तिकडेच ती जिवंत असते. अशा वेळी तिला ओढून विषयाकडे आणू नका. ती जाते तिकडे जाऊ द्या, पूर्ण करा. स्पर्धेसाठी दुसरी लिहा, आणि तेवढ्यात मुदत संपली तर संपू द्या.