तो वीरगळ आम्ही का हलवला नाही: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुमच्याकडे फोटो होते, मापं होती, गावात ओळखी होत्या. मग तो वीरगळ वेळेवर उचलून संग्रहालयात का नाही पोचवलात?"

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. वारसाफेरीत हा प्रश्न येतो, व्याख्यानानंतर येतो, कॉलेजची मुलं प्रकल्पासाठी येतात तीही विचारतात. मंडळातले आमचेच लोक विचारतात, आणि त्यांचा सूर सगळ्यात जास्त लागतो. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी वेळ निभावून नेली. आता एकदा सगळं लिहून टाकते. आमचं मंडळ बोरिवली-दहिसर भागातल्या जुन्या दगडांच्या, लेण्यांच्या नोंदी घेतं, वारसाफेऱ्या काढतं. त्याहून जास्त सांगत नाही. गावठाणाचं नावही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांनी तिथल्या माणसांना जाब विचारायला जावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

कायदा मला सांगू नका. 1878चा निखात निधी कायदा, 1972चा पुरावशेष कायदा, दोन्ही मला पाठ झाले आहेत, कारण मंडळातले इंजिनिअर काका दर बैठकीला त्यातली कलमं वाचून दाखवायचे. पण निखात निधीचा कायदा जमिनीत दडलेल्या वस्तूबद्दल बोलतो. हा दगड कुणाला सापडलेला नव्हता. रोज सकाळी त्याच्यावर तांब्याभर पाणी पडत होतं, अमावास्येला नारळ फुटत होता. ज्याला गावदेव म्हणून हाक मारतात त्याला 'सापडलेली वस्तू' म्हणायला माझी जीभ तेव्हाही वळली नाही, आजही वळत नाही.

आणि आम्ही काही केलंच नाही, असंही नाही. संबंधित कार्यालयात अर्ज दिला होता. पोच मिळाली. त्यापुढे काही मिळालं नाही.

आपल्या बोरिवली-दहिसरच्या पट्ट्याचं दुखणं वेगळं आहे. 1957 साली हा भाग मुंबई महापालिकेत आला. त्याआधीचा आपला इतिहास शोधायचा तर ठाणे जिल्ह्याचं 1882चं गॅझेटिअर उघडावं लागतं. मुंबईची वारसा-यादी 1995 साली झाली तीही बहुतांशी शहर-बेटाची. इमारतींना निदान नाव-गाव असतं. गावठाणातल्या पिंपळाखालच्या दगडाला कोण विचारतो? कान्हेरीच्या शिलालेखात दानाच्या संदर्भात ज्या गावाचं नाव येतं त्या मागाठाण्याची लेणी आज घरांच्या गर्दीत शोधत जावी लागतात. एकसरचे वीरगळ मात्र गावातच आहेत. त्यांच्यावर वल्ह्यांची जहाजं आहेत, समुद्रातली लढाई आहे. काही अभ्यासक ती शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या 1265च्या सुमाराच्या युद्धाशी जोडतात, काहींच्या मते ती त्याहून जुनी. गॅझेटिअरमध्ये एकेका शिल्पपटाचं वर्णन आहे. ते हातात घेऊन एकसरला उभं राहावं आणि ताडून बघावं, असं मी नव्या सभासदांना सांगते. दगड जागेवर असल्याचा अर्थ तिथे कळतो.

म्हणूनच सुरुवातीच्या काळात मंडळाच्या वार्षिक अंकात मी ठणकावून लिहिलं होतं की दगड जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे. दाखला दिला होता परळच्या शिवाचा. 1931 साली परळ-शिवडी रस्त्याच्या कामात ती भव्य शिळा निघाली, एका शिवातून उगवलेल्या अनेक शिवांची. मूळ शिळा आजही परळलाच, बारादेवीच्या देवळाजवळ, पूजेत आहे आणि तिचा प्लास्टरचा साचा संग्रहालयात आहे. मी लिहिलं होतं: देव लोकांकडे, साचा अभ्यासकांकडे, याहून चांगली वाटणी कोणती? आज तो लेख वाचताना लिहिणारीचा आत्मविश्वास मला जड जातो. पण तिचं म्हणणं खोडायला बसले तर तेही जमत नाही.

आता त्या दगडाबद्दल.

छातीइतका उंच, शेंदराच्या इतक्या थरांखाली की वरून नुसता गोळा दिसायचा. टॉर्च आडवा धरला की सावलीत आकार उठायचे: वरच्या कप्प्यात शिवपिंडी आणि पूजा करणारा वीर, त्याखाली अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. वीरगळावर नेहमी दिसतं तेच. तो वीर कशासाठी मेला हे सांगणारा लढाईचा कप्पा मातीत होता. ज्या आजींच्या अंगणाला लागून तो दगड होता त्यांची मुलाखत आम्ही आधी घेतली होती. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात म्हशी होत्या, रानात चरायला जायच्या. एखादी परत आली नाही की सासू या देवाला नारळ बोलायची. "आन् सापडायचीच," असं आजी ठासून सांगायच्या. हरवलेल्या गुरांसाठी नवस कुठेही बोलतात, म्हणून मुलाखतीच्या टिपणात आम्ही त्याला एकच ओळ दिली.

मग एका पावसाळ्यात शेजारच्या नव्या गटारीमुळे पाणी तुंबलं आणि ओसरताना दगडाच्या कडेची माती घेऊन गेलं. खालचा कप्पा उघडा पडला. शेंदूर तिथवर कधी पोचलाच नव्हता. काळा, स्वच्छ दगड. आम्ही आजींची परवानगी घेऊन ठसा घ्यायला बसलो. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकत ठोकत खाचांत बसवायचा, जरा सुकला की शाईच्या बोळ्याने हलक्या हाताने थापत जायचं. उठावाची बाजू काळी होते, खोलगट बाजू पांढरी राहते. आधी ढाल उमटली. मग तलवारीचा हात. आणि वीराच्या मागे, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, वळलेली शिंगं. एक जोडी, मग दुसरी, मग तिसरी. गाई होत्या. गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला होता.

आजी कागदाजवळ आल्या. शाई ओली आहे, हात लावू नका, असं आमच्यातला कुणीतरी म्हणेपर्यंत त्यांचं बोट त्या शिंगांवर टेकलं होतं. "गुरं हायेत की," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तरीच सापडायची."

तो कप्पा त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यांच्या सासूनेही पाहिला नव्हता. तो किती पिढ्या मातीत होता कोण जाणे. आणि त्या देवाचं काम गावाला बरोबर माहीत होतं. मी याचा पुरावा देऊ शकत नाही. योगायोग असेल असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण मला विचाराल, तर मंडळाच्या सगळ्या कामात मी याहून मोठं काही पाहिलेलं नाही. तो दगड आधीच उचलून कुठल्या दालनात ठेवला असता तर 'वीरगळ, शिलाहारकाल, बोरिवली परिसर' अशी पाटी लागली असती. शिंगं दिसली असती, म्हशी कधीच कळल्या नसत्या.

हे मी काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "छान. आता कळलं ना? मग आता तरी हलवा." बैठकीत दोन तट पडले. मी 'राहू दे' म्हणणाऱ्यांत होते आणि आमची बाजू जिंकली. ठरलं असं की वर साधी शेड घालायची, खालचा कप्पा उघडा ठेवायचा, चार ओळींचा फलक लावायचा. आजी खूश होत्या. देवस्थानच्या विश्वस्तांनीही मान डोलावली.

पुढच्या चैत्रात जत्रेच्या आधी गावठाणात देऊळ उभं राहिलं. वर्गणीतून, श्रद्धेने, घरोघरच्या मुलांनी राबून. ग्रॅनाइटचा चौथरा, टाइल्सचा गाभारा. दगड गाभाऱ्यात उंचीला बसेना. गवंड्याने ग्राइंडर लावून खालचा भाग कापला. जो भाग आजवर मातीतच होता तो गेला म्हणून देवाचं काही उणं झालं, असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. कापलेला तुकडा चौथऱ्याच्या भरावात गेला. आम्हाला कळलं ते प्राणप्रतिष्ठेची पत्रिका आली तेव्हा. पत्रिकेत मंडळाचे आभार मानले होते, कारण 'आपला देव किती प्राचीन आहे हे मंडळामुळे समजले'.

मी गेले. गेले नसते तर बरं, असं काका म्हणतात. विश्वस्तांनी मला शाल दिली. चेहऱ्यांवर जो आनंद होता तो खरा होता, आणि त्या आनंदासमोर उभं राहून मी एक शब्दही बोलू शकले नाही. प्रसादाच्या पंगतीत आजी शेजारी येऊन बसल्या. पानावरचा शिरा तसाच ठेवून हळूच म्हणाल्या, "ती गुरं खाली ऱ्हायली का गं?" मी हो म्हटलं. "मी बोलले व्हते पोरांना. आपलं कोन ऐकतंय."

तुमचा प्रश्न मला इथे टोचतो, आणि तुम्ही विचारता त्यापेक्षा वेगळ्या जागी टोचतो. 'दगड लोकांचा, निर्णय लोकांचा' असं मी लिहीत आले. पण लोक म्हणजे कोण? शाल देणारे विश्वस्त की न ऐकलं गेलेली आजी? दोघांचा देव एकच होता. संग्रहालयात नेला असता तर कप्पा वाचला असता, हे मला मान्य आहे, शंभर वेळा मान्य आहे. पण तेव्हाही आजींना कुणी विचारलं नसतं. काकांच्या योजनेत त्यांना जागा नव्हती. माझ्या योजनेत होती असं मी समजत होते.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. फेरीत आपण मंडपेश्वरला जातो. शैव लेणं, 16व्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं प्रार्थनास्थळ केलं, भिंतीवरच्या शिल्पावर क्रूस कोरला. मी मुलांना तो क्रूस दाखवून सांगते की हाही इतिहासच आहे, प्रत्येक काळ दगडावर आपली खूण सोडून जातो. मग ग्राइंडरची खूण ही आपल्या काळाची खूण का नाही? चारशे वर्षांनी कुणी तो चौथरा फोडला आणि आत गाई निघाल्या तर तो अभ्यासक त्या गवंड्यावर चिडेल की शांतपणे नोंद करेल? एका मुलीने मला हे तोंडावर विचारलं. मी म्हणाले, त्या क्रूसाच्या वेळी मी नव्हते, आणि शिंगं उमटताना होते. हे उत्तर तर्काला धरून नाही, हे मला कळतं. दुसरं माझ्याजवळ नाही.

काकांनी त्यानंतर मंडळ सोडलं. फोन करतात, फेरीला येत नाहीत. "तुमच्या तत्त्वापायी गाई गेल्या," असं ते एकदा म्हणाले आणि मी ते विसरलेले नाही. ठसा आमच्या कपाटात आहे, आजींच्या बोटाचा डाग असलेला. त्याची मोठी प्रत काढून गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर लावावी असा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे ठेवला आहे. काहींना आवडलाय, काहींना वाटतं की कापल्याची जाहिरात कशाला. आमच्यातही काहींचं म्हणणं आहे की कागद लावून आपण त्यांना माफीपत्र देतो आहोत. तसं नाही. आजींना ती गुरं बघायला मिळावीत, एवढंच मला हवं आहे.

दरम्यान दुसऱ्या एका गावठाणात, रस्ता रुंद होतोय तिथे, अर्धा पुरलेला आणखी एक दगड आहे. वर सूर्य-चंद्र दिसतात, खाली अक्षरं असावीत. गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड, असण्याचा संभव आहे. पुढच्या रविवारी बैठक आहे आणि पुन्हा तोच ठराव येणार: हलवायचा की राहू द्यायचा. मी बहुधा पुन्हा 'राहू दे'लाच हात वर करीन. पण यावेळी आधी ठसा घेऊन, विश्वस्तांकडून लेखी घेऊन, आणि त्या दगडाला रोज पाणी घालणाऱ्या बाईंना बैठकीत खुर्ची देऊन. काकांनाही फोन केला आहे. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.